मायटर सॉवर लांब पट्टी कापताना लाकडाला आधार कसा द्यावा

दाराच्या चौकटीभोवती लावायची सात फुटांची सागवानी पट्टी मायटर सॉवर, म्हणजे पाते वरून खाली आणून कोनात कापणाऱ्या विजेच्या करवतीवर, 45 अंशांत कापायची असेल, तर पाते फिरू लागण्यापूर्वीच निम्मे काम उरकलेले असावे लागते. 10 इंची पाते मिनिटाला साधारण 5000 फेरे घेते, म्हणजे त्याचे दात ताशी 200 किलोमीटरहून अधिक वेगाने धावत असतात. अशा वेळी लाकूड उसळले, तर हात मागे घ्यायला सवड मिळत नाही. लाकूड उसळते ते बहुतेक वेळा त्याला नीट आधार नसल्यामुळे किंवा ते पात्यावर आवळले गेल्यामुळे.

घरोघरी चालणाऱ्या फर्निचरच्या कामात यंत्र फरशीवर मांडलेले असते, सुतार उकिडवा बसतो आणि पट्टीचे लांबचे टोक पायाने दाबून धरतो. हात कितीही बसलेला असला, तरी ही पद्धत सोडून द्यावी, कारण तोल थोडा ढळला तरी शरीराचा भार पात्याच्या दिशेने जातो आणि पायाचा दाब प्रत्येक वेळी सारखा राहत नाही. यंत्र साधारण कमरेइतक्या उंचीच्या, न डुगडुगणाऱ्या टेबलावर ठेवून त्याच्या पायांतील भोकांतून बोल्टने पक्के करावे. यंत्राची बैठक, म्हणजे लाकूड ठेवायचा सपाट भाग, टेबलापेक्षा काही इंच उंच असल्यामुळे तेवढ्याच उंचीचे प्लायवूडचे ठोकळे दोन्ही बाजूंना स्क्रूने बसवावेत आणि लांब सरळ पट्टी आडवी ठेवून उंची जुळली की नाही ते पाहावे.

या उंचीकडे फार थोडे लोक लक्ष देतात. बाजूचे ठोकळे बैठकीपेक्षा उंच झाले, तर पट्टी मध्यभागी अधांतरी राहते. पात्याच्या दाबाने ती खाली वाकते, काप वरून मिटतो आणि पाते त्यात आवळले जाते. ठोकळे बुटके असले किंवा मुळीच नसले, तर टोक लोंबते, काप वरून उघडतो आणि शेवटचे काही तंतू कापले न जाता चिरफळून तुटतात. दोन्ही चुका टाळायच्याच आहेत, परंतु हाताला धोका पहिलीत अधिक आहे.

लाकूड स्वतःही क्वचितच सरळ असते. पट्टीला बाक असेल, तर फुगीर बाजू मागच्या उभ्या आधाराला, म्हणजे फेन्सला, अशा रीतीने लावावी की पाते जिथे उतरणार तिथे लाकूड आणि फेन्स यांच्यात फट राहणार नाही. पोकळ बाजू फेन्सकडे ठेवली, तर काप पूर्ण होताना दोन्ही भाग फटीच्या दिशेने सरकतात आणि पाते चिमटले जाते. पिळलेली पट्टी बैठकीवर डुलत असेल, तर आधी रंधून सपाट करावी. जुन्या वाड्याचे सागवान वापरत असाल, तर चुंबक फिरवून खिळे शोधावेत. गंजून आत तुटलेला खिळा रंगाखाली डोळ्यांना दिसत नाही.

पकडीचा नियम असा की जो भाग ठेवायचा आहे तो क्लॅम्पने पक्का धरावा आणि सुटणारा तुकडा मोकळा राहू द्यावा. दोन्ही बाजू आवळल्या, तर कापलेल्या भागांना दूर सरायला जागा उरत नाही. एकाच मापाचे अनेक तुकडे हवे असताना पट्टीचे टोक टेकवायला अडथळ्याचा ठोकळा लावतात, त्या वेळी हाच नियम अनेकदा मोडला जातो: तुकडा ठोकळा आणि पाते यांच्यामध्ये अडकतो आणि उडतो. माप घेण्यापुरती ठोकळा आणि पट्टी यांच्यामध्ये एक चपटी फळी ठेवून, लाकूड क्लॅम्पने धरल्यावर ती फळी काढून घेतली, तर ही अडचण संपते. अर्थात ठोकळा लावताना फळीची जाडी मापात धरावी लागते.

हात पात्यापासून दोन्ही बाजूंना किमान 150 मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ सहा इंच, दूर असावा आणि एक हात दुसऱ्यावरून ओलांडून कधीही धरू नये. छोटा तुकडा हवा असेल, तर तो लांब पट्टीतूनच कापून घ्यावा. पट्टीच आखूड उरली असेल, तर सरळ हातकरवत घ्यावी, त्यात कमीपणा काही नाही. बारीक तुकडे फेन्समधल्या फटीतून मागे फेकले जातात, म्हणून फेन्सला 12 मिलिमीटर प्लायवूडची पट्टी लावून तिच्यातूनच पहिला काप घ्यावा. ती फट बुजते आणि पाते नेमके कुठून जाणार तेही दिसते.

डोळ्यांवर गॉगल, कानांवर रक्षक आणि नाकावर मास्क हवाच. हातमोजे मात्र घालू नयेत. पात्यात अडकलेला मोजा हातालाही ओढून नेतो. ओढणी, सैल बाही आणि बांगड्यांचेही तेच.

प्रत्यक्ष कापताना पाते लाकडाला न टेकवता बटण दाबावे, पूर्ण वेग आल्याचा आवाज ऐकावा आणि मगच यंत्राचे डोके, म्हणजे मोटर आणि पाते असलेला भाग, सावकाश खाली आणावे. पाते जवळजवळ एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, लाकूड खाते, म्हणून ते आखणीच्या टाकाऊ बाजूला ठेवावे. सरकणारे डोके असलेल्या यंत्रात ते आधी आपल्याकडे ओढून, खाली दाबून, मग फेन्सकडे ढकलत कापावे. कापता कापता आपल्याकडे ओढले, तर पाते लाकडावर चढून अंगावर येऊ शकते. मध्येच वीज गेली, तर बटण सोडून प्लग काढावा. काप झाल्यावर बटण सोडून डोके खालीच धरावे आणि पाते पूर्ण थांबल्यावरच वर उचलावे, कारण फिरते पाते वर येताना सुटलेल्या तुकड्याला दातांवर घेऊ शकते. तोवर तुकडा उचलायला हात पुढे करू नये. बैठकीवरचा भुसा आणि चिपाही पाते थांबल्यावर ब्रशनेच बाजूला साराव्यात.