जुन्या स्पोर्ट्स कारचं इंजिन: खोलण्याआधी या चुका टाळा

पाऊस ओसरला की गोव्यात जुन्या गाड्या कव्हरखालून बाहेर निघतात. चार महिने खाऱ्या, दमट हवेत उभी असलेली एमजीबी, म्हणजे जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, पहिल्या स्टार्टला धूर सोडते, टकटक करते आणि लगेच निकाल लागतो, ‘फुल इंजिन काम काढावं लागणार.’ उभ्या गाडीच्या पहिल्या दहा मिनिटांवरून इंजिन खोलणं ही सगळ्यात महाग पडणारी चूक आहे.

तो पहिला स्टार्टही घाईने मारू नये. ज्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडा राहिला, तिथे बोअरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीला, गंज धरतो आणि पिस्टनच्या रिंगा चिकटतात. स्पार्क प्लग काढून प्रत्येक भोकात दोन चमचे, म्हणजे साधारण 10 मिली पातळ तेल सोडा आणि रात्रभर ठेवा. सकाळी प्लग बाहेरच ठेवून गाडी टॉप गिअरमध्ये हाताने ढकला. अडलं तर जोर करू नका, रिंग तुटते. इथेच गोव्यात बनलेली सॅन स्टॉर्म असेल तर तिच्या रेनो इंजिनाचा जुना टायमिंग बेल्ट आधी बदला. दोनशे-तीनशे किलोमीटर चालवल्यावर चिकटलेल्या रिंगा पुष्कळदा आपोआप सुटतात. मोजमाप त्यानंतर.

कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजताना इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, कॉइलची वायर काढलेली, बॅटरी भरलेली आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला हवा. थ्रॉटल (ॲक्सिलरेटरने उघडणारी हवेची झडप) बंद राहिला तर आकडा कमी येतो आणि चांगलं इंजिन विनाकारण उघडलं जातं. 8.8 कॉम्प्रेशन रेशोच्या एमजीबीला 160 पीएसआयच्या आसपास मिळायला हवं, पण सिलिंडरांमधला फरक जास्त बोलतो. तो 10-15 टक्क्यांपलीकडे गेला तर कमी आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर तेल घालून पुन्हा मोजा. आकडा चढला तर दोष रिंग-बोअरचा. हलला नाही तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. शेजारशेजारचे दोन सिलिंडर सारखेच कमी आले असतील तर बहुधा त्यांच्यामधलं गॅस्केट गेलेलं असतं.

निळा धूर कधी येतो ते पाहा. चोर्ला घाट केरीकडे उतरताना पाय ॲक्सिलरेटरवरून काढलेला असतो, तेव्हा मॅनिफोल्डमधला (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांमधला) व्हॅक्यूम वाढून झिजलेल्या व्हॉल्व्ह गाइडमधून (व्हॉल्व्हची दांडी सरकते त्या नळीतून) तेल ओढलं जातं. खाली आल्यावर ॲक्सिलरेटर दाबला की निळा लोट निघतो. हे फक्त हेडचं, म्हणजे सिलिंडरांवरच्या झाकणाचं, काम. चढावर सतत निळा धूर आणि ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) फुसफुस असेल तर मात्र रिंगा गेल्या.

ऑइल कॅपखाली पांढरा लोण्यासारखा थर दिसला की लोक हेड उघडतात. पणजीतल्या पणजीत दोन-दोन किलोमीटर फिरणाऱ्या गाडीत पावसाळ्यात तो दमटपणानेही साचतो. रेडिएटरचं पाणी कमी होत नसेल आणि लांब फेरीनंतर थर गेला असेल तर हेडला हात लावू नका.

आता सगळ्यात मोठी फसगत, ‘नुसत्या रिंगा टाकून देऊ’. रिंग जिथवर पोचते त्याच्या वर बोअरला एक कड उरते. बोटाने चाचपली तरी कळते. नवी वरची रिंग तिच्यावर आपटून तुटते. बोअर डायल गेजने वर, मध्ये आणि खाली, आडवा-उभा दोन्ही बाजूंनी मोजा. फरक 0.1 मिमीच्या आत असेल तर कड काढून, होनिंग करून (बोअर बारीक घासून) रिंगा चालतील. त्यापेक्षा जास्त असेल तर लेथवाल्याकडून बोअरिंग आणि ओव्हरसाइज पिस्टन घ्या. नव्या रिंगा टाकून बोअरची झीज भरून निघत नाही.

ऑइल प्रेशर कमी दिसलं तर आधी वेगळं मेकॅनिकल गेज लावून खात्री करा. जाड तेल घालून काटा वर आणणं म्हणजे बेअरिंगचं दुखणं झाकणं. एमजीबीत गरम इंजिनावर, धावत्या वेगात, 50 पीएसआयच्या खाली राहत असेल तर संप (इंजिनाखालचं तेलाचं भांडं) उतरवून बेअरिंग पाहा. क्रँकच्या जर्नलवरून (बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागावरून) नख फिरवा. नख अडलं तर ग्राइंडिंग आणि अंडरसाइज बेअरिंग. तेव्हा पूर्ण बांधणीच करावी, कारण क्रँक काढायला इंजिन बाहेर यायलाच हवं.

एक्झॉस्ट टॅपेटचा गॅप (एक्झॉस्ट व्हॉल्व्हवरची फट) सेट करूनही पुन्हा पुन्हा कमी होत असेल तर सीट (व्हॉल्व्ह बंद होताना टेकतो ती जागा) आत बसते आहे. 1 फेब्रुवारी 2000 पासून देशभर सिसेविरहित पेट्रोल आहे आणि जुन्या साध्या सीटांना ते झेपत नाही. हेड उतरलेलं असतानाच हार्ड सीट बसवून घ्या.

तडा गेल्यामुळे ब्लॉक बदलावाच लागला तर नवा इंजिन नंबर आधी आरटीओत आरसीवर चढवून घ्या. जुना ब्लॉक भंगारात देऊ नका. गाडीची ओळख त्या नंबरात असते.