नॉर्वेच्या क्रूझवर खर्च आटोक्यात कसा ठेवाल

नॉर्वेत युरो नव्हे, क्रोन चालतो. मात्र रोख क्रोन नेण्याची फारशी गरज नसते. बर्गनपासून गायरांगेरपर्यंत कॉफी, बस, अगदी सार्वजनिक शौचालयाचे पैसेही कार्डने देता येतात. निघण्यापूर्वी बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचे आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू करा, नाहीतर पहिल्याच दुकानात कार्ड नाकारलं जाईल. मशीनने ‘रुपयांत की क्रोनमध्ये?’ असं विचारलं, तर क्रोनच निवडा. रुपये निवडले की दर दुकानदाराच्या बाजूची कंपनी ठरवते, आणि तो जवळपास नेहमीच महाग पडतो.

जहाजावरचा हिशेब वेगळा असतो: सहसा डॉलर किंवा युरोत. जहाजावरचा तुमचा खर्च ज्या खात्यात जमा होतो, त्याला डेबिट कार्ड जोडू नका. जहाज काही रक्कम आधीच अडवून ठेवतं आणि ती सुटायला कधीकधी आठवडाही लागतो, तोवर बँक खात्यातले तेवढे पैसे वापरता येत नाहीत. क्रेडिट कार्ड द्या. रोजची टीप बिलात आपोआप लागते का, हे बुकिंग करतानाच विचारा.

खरी बचत जेवणात आहे. पोटभर नाश्ता जहाजावरच करा, रिकामी बाटली सोबत घ्या (नळाचं पाणी बिनधास्त प्या) आणि बंदरावर भूक लागलीच तर ‘किवी’ किंवा ‘रेमा १०००’ या किराणा दुकानांमधून ब्रेड-चीज घ्या. रविवारी मात्र बहुतेक मोठी किराणा दुकानं बंद असतात. समुद्रात फोन एअरप्लेन मोडवर ठेवा. जहाजाच्या मोबाइल नेटवर्कवर साधं रोमिंग पॅक सहसा लागू होत नाही.