वजन उतरवताना जोर उतरू नये : नागपूरच्या पैलवान-बॉक्सरांसाठी

काट्यावर दोन किलो कमी दिसले की आखाड्यात पाठ थोपटली जाते. ते दोन किलो चरबीचे, पाण्याचे की मांसाचे, हे मात्र काटा सांगत नाही. म्हणून काट्याच्या जोडीला चरबी, लघवी आणि उडी मोजा.

आधी वजनगट ठरवा. 70 किलोच्या पैलवानाच्या अंगात 14 टक्के चरबी असेल, तर चरबीविना वजन 60.2 किलो. 7 टक्के चरबी ठेवायची म्हटली तर 60.2 भागिले 0.93, म्हणजे 64.7 किलो. 65 चा गट जमेल, 61 चा नाही. त्यासाठी मांसच तोडावं लागेल. चरबी कॅलिपरने, म्हणजे कातडीची घडी मोजणाऱ्या चिमट्याने मोजा, दर वेळी एकाच माणसाच्या हातून, सरावाआधी. दोन-तीन टक्क्यांची चूक धरूनच चाला. जिममधल्या पायाखालच्या मशिनवर घाम गाळून उभे राहिलात, तर ती चरबी जास्त दाखवते, कारण ती अंगातून हलकी वीज सोडून मोजते आणि पाणी कमी असलं की वीज अडखळते.

आठवड्याला वजनाच्या अर्धा ते एक टक्का उतरवा. 70 किलोला 350 ते 700 ग्रॅम. प्रथिनं किलोमागे 1.6 ते 2.2 ग्रॅम, चार-पाच जेवणांत वाटून. जोर-बैठका आणि वजनाचे व्यायाम सोडू नका, नाहीतर चरबीसोबत मांसही जातं.

आता पाणी. मे महिन्यात नागपूर 45 अंशांपर्यंत तापतं, हवा कोरडी. घाम त्वचेवर टिकतच नाही, त्यामुळे ‘आज घाम कमी आला’ असं वाटतं आणि बनियनवर मिठाचे पांढरे पट्टे उमटलेले असतात. मोजणं सोपं आहे. सरावाआधी लघवी करून, अंग कोरडं ठेवून वजन 65.0, नंतर अंग पुसून 63.9, मध्ये 600 मिली प्यायलात. म्हणजे घाम 1.7 लिटर. घटलेल्या 1.1 किलोच्या दीडपट, साधारण 1.6 लिटर, पुढच्या चार तासांत प्या. एका दमात नको. दर वीस मिनिटांनी पाऊण पेला. नुसतं साधं पाणी ढोसलं की रक्तातलं मीठ पातळ होतं आणि पाणी लघवीवाटे निघून जातं. मीठ घातलेला मठ्ठा उत्तम.

सकाळची पहिली लघवी लिंबूपाण्याइतकी फिकट असावी. बी-कॉम्प्लेक्सची गोळी घेतली असेल तर रंगावर विसंबू नका. मेडिकलमधली लघवी तपासायची पट्टी वापरा. घनता 1.020 च्या वर गेली की पाणी कमी पडलं.

उडी मात्र बहुतेक जण मोजतच नाहीत. भिंतीला बाजूने उभे राहा, हात वर करून खडूची खूण करा. मग गुडघे वाकवून उडी मारा, दुसरी खूण. तीन उड्यांतली सर्वांत मोठी धरा. अंतर सेंटिमीटरमध्ये घ्या : 60.7 गुणिले उडी, अधिक 45.3 गुणिले वजन, वजा 2055. उत्तर म्हणजे उडीचा जोर, वॅटमध्ये. 65 किलो आणि 45 सेंमी म्हणजे सुमारे 3621 वॅट, किलोमागे 55.7. वजन 62.5 वर आलं आणि उडी 45 च राहिली तर किलोमागे 56.1, म्हणजे काम नीट चाललंय. तीच उडी 43 वर आली तर 54.2. अशा वेळी आहार वाढवा, घाई थांबवा. एखाद्या दिवशीची घट थकव्याची असू शकते; सलग दोनदा आली तर खरी.

प्लास्टिकचा सूट घालून उन्हात पळणं, बंद कारमध्ये बसणं, लघवीच्या गोळ्या हे अजून चालतं. 1997 मध्ये अमेरिकेत तीन कॉलेज पैलवान असंच वजन तोडताना दगावले. लघवीच्या गोळ्या ‘वाडा’ या जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या बंदी यादीतही आहेत. चक्कर, गोंधळ, अंग तापून घाम थांबणं, यातलं काहीही दिसलं तर सराव तिथेच थांबवा, अंगावर पाणी ओता आणि दवाखाना गाठा.

स्पर्धेच्या वजनाआदल्या रात्री सावजी टाळा. त्यातलं मीठ पाणी धरून ठेवतं आणि सकाळी काटा वर दिसतो. वजन झाल्यावर ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटरमध्ये कालवा. पेलाभर पाण्यात टाकलं की मीठ-साखर दाट होऊन पोट सुटतं. मग केळी, गूळ-पोळी, दहीभात. तर्री पोहा लढत झाल्यावर. तेल-तिखट पोटात रेंगाळतं आणि पहिल्याच डावात छातीशी येतं.