अमेरिकेत पंप झिप कोड मागतो तेव्हा

तिथे पेट्रोलला ‘गॅस’ म्हणतात आणि बहुतेक राज्यांत ते आपणच भरायचं असतं. पंपाला कार्ड दिलं की तो पाच आकडी झिप कोड मागतो. आपला पिनकोड सहा आकडी, त्यामुळे भारतीय कार्ड बऱ्याचदा तिथेच अडतं. कार्डात दोष नसतो. पुन्हा पुन्हा प्रयत्न करू नका, बँक कार्ड बंद करू शकते.

१. पंपाचा नंबर लक्षात ठेवून आत काउंटरवर जा.

२. ‘फॉर्टी ऑन फाइव्ह, प्लीज’ एवढंच म्हणा. म्हणजे पाच नंबरच्या पंपावर चाळीस डॉलरचं. लांब वाक्य जुळवायची गरज नाही. रकमेचा अंदाज असा: मध्यम गाडीची अर्धी टाकी साधारण ६-७ गॅलन (गॅलन म्हणजे सुमारे ३.८ लिटर), त्याला फलकावरच्या दराने गुणा.

३. नोझल टाकीत घालून ‘रेग्युलर’, म्हणजे बहुतेक ठिकाणी ८७ आकड्याचं बटण दाबा. भाड्याच्या साध्या गाडीला तेच पुरतं.

४. कमी पेट्रोल बसलं आणि पैसे रोख दिले असतील, तर उरलेले आत जाऊन मागून घ्या.

टाकीचं झाकण कुठल्या बाजूला आहे, ते पेट्रोलच्या काट्याजवळचा छोटा बाण सांगतो. न्यू जर्सीत मात्र गाडीतच बसा. तिथे पेट्रोल कर्मचारीच भरतो.

नोझलच्या रंगावर विसंबू नका. डिझेलचं हँडल बहुधा हिरवं असतं, पण काही पंपांवर पेट्रोलचंही हिरवंच असतं. त्यावरचं लेबल वाचूनच उचला.