दोन पाण्यांवरचा गहू: कुठलं पाणी कधी द्यायचं

कोल्हापूरच्या माणसानं पाणी कमी पडतं म्हटलं की बाहेरच्यांना पटत नाही. गगनबावड्याला पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो हे खरं, पण पूर्वेला शिरोळकडे येईपर्यंत तो आकडा दहाव्या हिश्श्यावर आलेला असतो. मी कागल तालुक्यात, नदीपासून लांब माळाच्या कडेला शेती करते. सोयाबीन निघालं की त्याच रानात गहू. विहीर आहे, पण जानेवारी सरला की तिचं पाणी खाली जातं, आणि जे असतं त्यावर पहिला हक्क उसाचा. गव्हाला उरलंसुरलं. याच वाटणीमुळे आपल्याकडचा गहू मार खातो. म्हणून पेरणीआधीच हिशेब करा: विहिरीचं पाणी, लाइटची पाळी, उपसाबंदी कधी लागू शकते, हे सगळं धरून गव्हाला खात्रीची किती पाणी, म्हणजे पाण्याच्या किती पाळ्या, मिळतील? एक, दोन की तीन? त्यावर पुढचं सगळं ठरतं.

तीन पाणी असतील तर पेरणीनंतर 20 ते 22 दिवसांनी, 40 ते 42 दिवसांनी आणि 60 ते 65 दिवसांनी द्या. दोनच असतील तर मधलं सोडायचं, म्हणजे 20-22 आणि 60-65. आणि एकच असेल तर? बहुतेक जण ते पहिल्याच पाळीला देऊन मोकळे होतात. आपल्या महाराष्ट्रासाठीची शिफारस मात्र 40 ते 42 व्या दिवसाची आहे, आणि ती मला पटते. पेरणी चांगल्या ओलीत झाली असेल तर भारी रानात रोप पहिला महिना तग धरतं. चाळिशीला गहू कांडी धरतो, पोटात ओंबी घडत असते. तिथं पाण्याचा ताण बसला की ओंबी आखूड राहते, आणि नंतर कितीही पाणी दिलं तरी ती लांबत नाही.

एकविसाव्या दिवसाचं महत्त्व मुळांत आहे. या सुमारास जमिनीच्या वरच्या थरात, बोटभर खोलीवर, मुकुटमुळं फुटतात. तो थर कोरडा असला की ती फुटत नाहीत आणि फुटवे, म्हणजे बुडातून निघणाऱ्या बाजूच्या काड्या, कमी येतात. साठीचं पाणी फुलोऱ्यासाठी. त्या वेळी रान सुकलं की परागकण वांझ होतात आणि ओंबीत दाणेच कमी भरतात. पंधरा दिवसांनी एकदा असं सारखं वाटून दिलेलं पाणी या तिन्ही वेळा चुकवू शकतं. मला त्याचा राग येतो, कारण पाणी खर्च झालेलंच असतं.

ओल मुळात रानात असली पाहिजे. सोयाबीन काढल्यावर रान उघडं ठेवू नका. घात असतानाच, म्हणजे माती मशागतीजोगी ओलसर असतानाच, कुळवाच्या पाळ्या घालून ढेकळं फोडा. आमचे सासरे वीतभर खोलीची माती मुठीत दाबून बघायचे. गोळा झाला आणि टाकल्यावर फुटला नाही तर पेरणीची कुरी जोडायची. मीही तेच करते. पाण्याचा भरवसा नसलेल्या रानात ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात पेरा. पाणी असेल तर नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा. ऊस डिसेंबर निम्म्यावर तुटला आणि रान तेव्हा मोकळं झालं, तर गव्हाचा नाद सोडा. दाणा भरायच्या वेळी ऊन आणि ताण एकदमच येतात, दाणा चिंबतो.

वाण ताण सोसणाराच घ्या. निफाडच्या गहू संशोधन केंद्राचा नेत्रावती (एनआयएडब्ल्यू 1415) जिरायत, म्हणजे बिनपाण्याच्या, रानासाठी आणि एखाद-दुसऱ्या पाण्यासाठीच काढलेला आहे. बन्सी, म्हणजे रव्या-शेवयांचा कडक गहू हवा असेल तर पंचवटी (एनआयडीडब्ल्यू 15). खपली हा टरफलाचा जुना गहू आपल्याकडे खिरीसाठी हटकून लावतात. ती तांबेरा रोग आणि ऊन बऱ्यापैकी सोसते, पण बिनपाण्याची म्हणून कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. बी एकरी 30 ते 40 किलो पुरे. दाट पेरलं की तेवढ्याच ओलीवर तोंडं वाढतात. बी रात्रभर भिजवून, सावलीत सुकवून पेरलं तर उगवण एकसारखी होते.

खत हात राखून. जिरायत गव्हाला हेक्टरी 40 किलो नत्र आणि 20 किलो स्फुरद एवढंच सांगितलेलं आहे. एकरी ते डीएपी 18 किलो आणि युरिया 28 किलो होतं. सगळं पेरतानाच द्या. कोरड्या रानात वरून युरिया फेकू नका. मिळालंच एखादं पाणी तर हिरवा पाला माजतो आणि तोच पाला पुढची ओल पिऊन टाकतो.

तिसऱ्या आठवड्यापासून भांगलण आणि कोळपणी वेळेवर करा. कोळप्यानं वरच्या भेगा बुजतात. भारी काळ्या रानात ओल उडून जाते ती या भेगांतूनच.

ताण ओळखायचा तर सकाळी रानात जा. दुपारी गव्हाची पानं गुंडाळणारच, त्यानं घाबरू नका. सकाळीही ती सुरळीसारखी दिसली तर पीक खरंच अडचणीत आहे. पाणी नसेल तर 55 आणि 70 दिवसांच्या सुमारास 19:19:19 या विरघळणाऱ्या खताची दोन टक्क्यांची फवारणी करा, पंधरा लिटरच्या पंपाला 300 ग्रॅम. ती पाण्याची जागा घेत नाही, दाण्याला थोडा आधार देते. उन्हं उतरल्यावरच फवारा.

दाणा भरताना जास्तीचं पाणी मिळालंच तर हलकं द्या, वारा नसताना. ओंब्या जड झालेल्या असतात, रान चिखलात गेलं की गहू लोळतो. ओंबीखालचा देठ पिवळा पडला की दाण्यात आणखी काही जात नाही. तिथून पुढचं पाणी उसाकडे वळवा.