डिपॉझिट हातात पडेपर्यंत चावी सोडू नका

घर सोडायचं ठरलं की आपण टेम्पोवाल्याचे रेट काढत बसतो आणि डिपॉझिटचं बघू नंतर म्हणतो, तिथेच माती खातो. पुण्यात पाच घरं बदलून झालीत माझी, दोनदा पैसे कापून घेतलेत, त्यामुळे अनुभवाने सांगतोय.

आधी अ‍ॅग्रीमेंट काढून नीट वाचा. नोटीस पिरियड किती, लॉक-इन (ज्या काळात घर सोडता येत नाही तो) संपलाय का आणि डिपॉझिट कधी मिळणार एवढं बघा. बऱ्याचदा लिहिलेलं असतं चावी देताना, पण ओनर म्हणतो नवीन भाडेकरू आला की देतो. अहो, तो येईल तेव्हा येईल, आपला काय संबंध! नोटीस फोनवर दिलीत तरी लगेच व्हॉट्सअ‍ॅप करा, "काका, बोलल्याप्रमाणे 31 तारखेला फ्लॅट रिकामा करतोय, चावी देताना 60,000 ट्रान्सफर कराल ना?" काकांनी नुसता अंगठा टाकला तरी पुढे कामाला येतो.

आता खरी गोम, पेंटिंग. वापराने रंग मळणारच, ते नुकसान नाही, बहुतेक अ‍ॅग्रीमेंटमध्ये नेहमीची झीज सोडून असं असतंच. पण काही अ‍ॅग्रीमेंटमध्ये पेंटिंगचा खर्च भाडेकरूचा असंही घुसवलेलं असतं, त्यावर सही केली असेल तर मग भांडायला फार जागा उरत नाही. आमच्या कर्वेनगरच्या फ्लॅटला बेडरूमच्या खिडकीखाली ओल होती, पोपडे सुटलेले, राहायला गेलो त्याच दिवशी बायकोने कपाट लावायच्या आधी फोटो काढून ओनरला पाठवून ठेवला होता, मला तेव्हा वाटलं काय हिचं. सोडताना ओनर म्हणाले भिंत तुम्ही खराब केली, 14,000 कापतो. बायकोने शांतपणे चॅट वर सरकवत नेलं, फोटो, तारीख दोन वर्षांपूर्वीची. काका गप्प! 14 चे 5 वर आले. ते 5 खिळ्यांचे, एकोणीस भोकं होती, त्यांनी मोजली, आणि खिळे आमचेच होते. व्हाइट सिमेंटने तीच भोकं आदल्या दिवशी बुजवली असती तर काहीशे रुपयांत भागलं असतं.

म्हणून सामान हलल्यावर, पण ओनर यायच्या आधी, दिवसाउजेडी रिकाम्या घराचा व्हिडिओ काढा. गीझर चालू करून, नळ सोडून, पंखे फिरवून, शेवटी लाइटच्या मीटरचं रीडिंग. महावितरणचं शेवटचं बिल आणि मेंटेनन्स तुमच्याकडे असेल तर त्याची पावती पण त्यांना पाठवून टाका, म्हणजे "बिल येऊ दे मग बघू" हे कारणच उरत नाही.

काही जण शेवटचे दोन-तीन महिने भाडंच देत नाहीत, डिपॉझिटमधून वळते करा म्हणतात. ओनर लेखी हो म्हणाला तर उत्तम, एकदम सेफ. नाहीतर तुम्हीच थकबाकीदार ठरता.

चावी आणि पैसे एकाच वेळी, खात्यात पैसे जमा झाल्याचा मेसेज आल्यावरच चावी. पण पैसे देत नाहीत म्हणून मुदत संपल्यावरही आत ठाण मांडून बसू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 24 प्रमाणे लायसन्स, म्हणजे अ‍ॅग्रीमेंटची मुदत, संपूनही ताबा सोडला नाही तर दुप्पट भाड्याने भरपाई लागू शकते. म्हणून हिशोबाचं बोलणं आठवडाभर आधीच उरकायचं, शेवटच्या दिवशी टेम्पो खाली हॉर्न मारत असताना नाही.

अ‍ॅग्रीमेंट रजिस्टरच केलेलं नसेल तर घाबरू नका, उलट ओनरने घाबरावं. त्याच कायद्याच्या कलम 55 नुसार रजिस्टर करायची जबाबदारी मालकाची, आणि केलं नसेल तर अटींबद्दल भाडेकरू म्हणतो ते ग्राह्य धरतात, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. हे गोड आवाजात एकदा सांगून बघा.

तरी लटकवलंच तर किती, कशाचे कापले ते लेखी मागा, पेंटरचं बिल मागा. पंधरा दिवसांत काही नाही आलं तर वकिलाची नोटीस. बऱ्याच वेळा तेवढ्यावरच फोन येतो, "अरे, एवढं कशाला, घरी ये चहाला." चहाला जा, पण खाते नंबर आधी पाठवून ठेवा.