स्पोर्ट्स कार सुरू होत नाही? नवी बॅटरी घेण्याआधी या चुका टाळा

जूनमध्ये कव्हर घालून बेसमेंटमध्ये लावलेली गाडी दसऱ्याला हार घालायला बाहेर काढावी, तर किल्लीचं बटण दाबूनही कुलूप उघडत नाही. कमी चालणारी, दोन सीटची गाडी बाळगणाऱ्यांना हे दुखणं ओळखीचं आहे. अशा वेळी बहुतेक जण फोन करून थेट नवी बॅटरी मागवतात. माझं कळकळीचं सांगणं आहे की आधी व्होल्ट आणि ॲम्पिअर मोजणारा मीटर लावा. रोजच्या गाडीची बॅटरी वापरून झिजते. स्पोर्ट्स कारची बॅटरी मात्र बहुधा उपाशी राहून जाते, आणि उपासमारीचं कारण शोधलं नाही तर नवीही त्याच वाटेने जाते.

बॅटरी बॉनेटखालीच असेल असं धरून चालणं

वजनाचा तोल साधण्यासाठी अशा गाड्यांत बॅटरी भलतीकडे बसवलेली असते. माझदा एमएक्स-५ च्या पहिल्या दोन पिढ्यांत ती डिकीत आहे, कॉर्व्हेटच्या सी-७ मध्ये मागच्या सामानाच्या जागेत, बऱ्याच बीएमडब्ल्यूंमध्येही मागेच. पॉर्शे ९११ चं इंजिन मागे, त्यामुळे बॅटरी पुढच्या डिकीत. आता ९९७ पिढीच्या ९११ मध्ये अडचण अशी की त्या डिकीचं कुलूपच विजेवर चालतं. बॅटरी उतरली की झाकण उघडत नाही आणि झाकण उघडल्याशिवाय बॅटरीपर्यंत हात पोहोचत नाही.

इथे लोक पाना घालून झाकण उचकटतात. तसं करू नका. आत पायाशी, बाजूच्या फ्यूजबॉक्समध्ये बाहेर ओढता येणारं एक पॉझिटिव्ह टर्मिनल दिलेलं आहे. दुसऱ्या बॅटरीची लाल केबल त्याला, काळी दाराजवळच्या उघड्या धातूला लावायची आणि किल्लीवरचं डिकीचं बटण दाबायचं. अलार्म वाजेल, घाबरू नका. ही सोय फक्त झाकण उघडण्यापुरती आहे. तिथूनच सेल्फ मारायचा प्रयत्न केलात तर वायरिंग आणि फ्यूज पणाला लागतील. बॅटरी काढलेली असताना झाकण पुन्हा बंद करू नका आणि किल्ली आत विसरू नका.

डिकीतल्या बॅटरीबद्दल एक गोष्ट जिवाची आहे. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन हा पेट घेणारा वायू निघतो. म्हणून एमएक्स-५ च्या मूळ बॅटरीला तो वायू बाहेर नेणारी नळी असते. स्वस्त पडते म्हणून नळीची सोय नसलेली साधी बॅटरी तिथे बसवली, तर वायू बंद डिकीत साठतो आणि आम्लाच्या वाफेने पत्रा गंजतो.

दार जोर लावून उघडणं

चौकट नसलेल्या काचेच्या दारांत बहुधा हँडल ओढताच काच किंचित खाली सरकते. बॅटरी उतरली असेल तर ती सरकत नाही. दार हळू, काच रबरातून सोडवत उघडा, आणि बॅटरी जागेवर येईपर्यंत पूर्ण बंद करू नका. फाटलेलं रबर पुढच्या पावसात सीट भिजवतं.

'१२ व्होल्ट दाखवतंय, म्हणजे ठीक आहे'

सगळ्यात जास्त फसवणारा आकडा हाच. साधी लेड-ॲसिड बॅटरी पूर्ण भरलेली असताना साधारण १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते. १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, आणि १२.० म्हणजे जेमतेम पाव उरलेली. एजीएम बॅटरी (आम्ल काचेच्या तंतूंच्या चटईत शोषून ठेवलेली) भरल्यावर १२.८ च्या आसपास असते. गाडी आत्ताच चालवून आणली असेल तर आकडा फुगलेला दिसतो. रात्रभर थांबा, नाहीतर हेडलाइट दोन मिनिटं लावून बंद करा आणि मग मोजा.

नुसत्या व्होल्टवरून ताकद कळत नाही. कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि मीटर थेट टर्मिनलवर धरा. बॅटरी भरलेली असूनही आकडा ९.६ च्या खाली कोसळला, तर ती थकली आहे. आकडा टिकून आहे आणि तरीही फक्त 'टक' असा आवाज येतो? मग केबल, अर्थ (बॅटरीची निगेटिव्ह बाजू गाडीच्या पत्र्याला जोडणारी तार) किंवा सेल्फ मोटर तपासा. बॅटरी मागे असलेल्या गाड्यांत केबल लांब असते, आणि एका गंजलेल्या अर्थच्या नटापायी चांगली बॅटरी बदनाम होते. इंजिन चालू असताना टर्मिनलवर बहुतेक गाड्यांत १३.८ ते १४.७ व्होल्ट हवेत. सतत १३ च्याही खाली दिसले तर ऑल्टरनेटरकडे, म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या जनरेटरकडे वळा. नव्या गाड्या मुद्दाम चार्जिंग कमी-जास्त करतात, त्यामुळे एकदाच पाहून निकाल देऊ नका.

गळती न शोधणं

बंद गाडीही वीज खाते. अलार्म, रिमोटचा रिसिव्हर, घड्याळ मिळून ५० मिलीॲम्पिअरपर्यंतचा खप साधारणपणे चालतो. तरी हिशेब करा: दिवसाला १.२ ॲम्पिअर-तास, महिन्याला ३६. म्हणजे काहीही बिघाड नसताना ६० ॲम्पिअर-तासांची बॅटरी महिन्याभरात निम्म्याहून खाली जाते. उतरलेल्या अवस्थेत ती जितके दिवस पडून राहते, तितका तिच्या आतल्या शिशाच्या प्लेटांवर सल्फेटचा थर घट्ट बसतो. पाऊसभर उभ्या गाडीला म्हणूनच मेंटेनर चार्जर, म्हणजे बॅटरी हळूहळू भरत ठेवणारा चार्जर लावावा. आठवड्यातून एकदा पार्किंगमध्येच दहा मिनिटं इंजिन चालवून काही भरून निघत नाही, सेल्फने ओढलेलंही कधीकधी नाही.

गळती मोजताना निगेटिव्ह केबल सोडवून, मीटर १० ॲम्पिअरच्या जागी लावून, ती केबल आणि टर्मिनल यांच्यामध्ये जोडतात. इथली नेहमीची चूक म्हणजे घाई. गाडीतले कंट्रोलर (छोटे संगणक) झोपी जायला अर्धा तास, कधी त्याहून जास्त लागतो. दार उघडं ठेवायचं तर त्याची कडी स्क्रूड्रायव्हरने बंद स्थितीत ढकला (दार लावण्याआधी ती परत सोडवायची), किल्ली लांब ठेवा आणि वाट पाहा. मीटर जोडलेला असताना सेल्फ मारला तर मीटरचा फ्यूज गेलाच म्हणून समजा. एकेक फ्यूज काढून पाहण्यात दुसरी अडचण आहे: फ्यूज परत बसवताच झोपलेला कंट्रोलर जागा होतो. त्यापेक्षा फ्यूज जागेवरच ठेवून त्याच्या डोक्यावरच्या दोन उघड्या टोकांवर मिलीव्होल्ट मोजा. जिथे आकडा दिसेल, तिथून वीज जाते आहे.

नवी बॅटरी खरंच लागली, तर मूळ प्रकाराचीच घ्या. बीएमडब्ल्यूसारख्या गाड्यांत ती स्कॅनरने नोंदवावी लागते, नाहीतर गाडी जुन्या बॅटरीच्या हिशेबाने चार्ज करत राहते. पॉर्शेने २०१० पासून ९११ जीटी-३ ला दहा किलोहून अधिक हलकी लिथियम बॅटरी पर्याय म्हणून दिली. अशा बॅटरीला सल्फेट काढणारा साधा चार्जर कधीही लावू नका.

माझ्या एका मित्राने दोन वर्षांत दोन बॅटऱ्या बदलल्या होत्या. तिसरी मागवण्याआधी आम्ही संध्याकाळी मीटर लावून बसलो. पाऊण तासानंतरही काटा ०.३ ॲम्पिअरवरच अडकलेला. माग काढत गेलो तेव्हा डॅशकॅमची वायर सापडली. ती किल्लीने बंद होणाऱ्या फ्यूजऐवजी कायम चालू असलेल्या फ्यूजला जोडलेली होती. वायर हलवल्यावर आकडा ०.०३ वर आला. दुसरी बॅटरी रात्रभर चार्ज केली, सकाळी सेल्फ मारताना ती १०.४ वर टिकली, आणि आजही तीच गाडीत आहे.